आईची स्कूटर आईलाच निवडू द्या

पत्र :

“माझी आई ७४ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत, थोडं चाललं तरी दम लागतो. घरात काठीच्या आधाराने ती स्वतःचं सगळं करते, पण बाहेर जाणं जवळजवळ बंदच झालंय. तिच्यासाठी मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालणं अवघड झालेल्या माणसाने बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी, घ्यावी असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. मागच्या आठवड्यात एका दुकानातला माणूस चार चाकांची मोठी स्कूटर टेम्पोत घालून घरी दाखवायला घेऊन आला. ‘आज विसार दिलात तर निम्म्या किमतीत देतो,’ म्हणाला. आम्ही कशीबशी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. दरम्यान भावाने एक वापरलेली, तीन वर्षं जुनी स्कूटर शोधून काढली आहे. ती बरीच स्वस्त आहे. आई म्हणते, ‘मला नको. लोक म्हणतील हिचे पाय गेले.’ आमची इमारत लिफ्टची आहे, पण खालच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. नवी घ्यावी की जुनी? कुठली घ्यावी? आणि घेतलीच, तर तिला एकटीला बाहेर सोडावं का?”

उत्तर :

ताई, तातडीचं आधी सांगते : विसार देऊ नका. त्या दुकानात तसं आजच कळवून टाका. ‘आईने चालवून पाहिल्याशिवाय आम्ही काही ठरवणार नाही’, एवढं एक वाक्य पुरे. निम्मी किंमत म्हणजे छापील किमतीच्या निम्मी. आणि त्या छापील किमतीला ते मॉडेल कधी कुणी घेतलं होतं का, हे तुम्हाला माहीत नाही. त्याच मॉडेलचं नाव आणि नंबर देऊन आणखी दोन-तीन ठिकाणी लेखी कोटेशन मागवा, म्हणजे खरी सवलत किती ते लगेच कळेल. मला खटकली ती दुसरी गोष्ट. त्या माणसाने आईला उठून-बसून दाखवायला सांगितल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. लिफ्टचं दार मोजलं नाही, पायऱ्यांचं काय करणार ते विचारलं नाही, गाडी रात्री कुठे उभी राहील हेही नाही. एवढं न विचारता जी गाडी आणली जाते ती गोडाउनमधली, खपवायची असलेली गाडी असते. तुमच्या आईशी तिचा काही संबंध नसतो.

आता आईचं वाक्य. ‘लोक म्हणतील हिचे पाय गेले.’ हे वाक्य बाजूला सारून तुम्ही दोघं भावंडं मॉडेल बघायला लागलात, आणि घाई झाली ती इथे. ज्या घरात बसणाऱ्याच्या मनाविरुद्ध स्कूटर येते, त्या घरात ती कव्हरखाली उभी राहते. मग नवी घेतली काय नि जुनी काय, सगळे पैसे पाण्यात. म्हणून तिच्याशी सावकाश बोला, आणि सुरुवात स्कूटरपासून करू नका. कुठेकुठे जायचं थांबलंय ते विचारा. कुणाकडे जावंसं वाटतं, कुठलं काम दुसऱ्याला सांगताना जीव कानकोंडा होतो, ते ऐकून घ्या आणि लिहून ठेवा. ती यादी पुढे फार उपयोगी पडते. कारण किती पल्ल्याची, किती मोठी, घडी होणारी की न होणारी, ही सगळी उत्तरं त्या यादीतूनच निघतात.

तिला हेही सांगा की ही गाडी पाय पूर्ण गेलेल्यांसाठी नसतेच. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अॅलन थीम यांनी १९६८ साली ‘अमिगो’ नावाची विजेवर चालणारी छोटी गाडी तयार केली, ती मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झालेल्या आपल्या घरातल्याच माणसासाठी. स्कूटर ही थोडंफार चालता येणाऱ्याचीच वस्तू आहे. तिच्यावर स्वतः चढावं-उतरावं लागतं. पाठ ताठ ठेवून बसावं लागतं, दोन्ही हात पुढे धरून हँडल वळवावं लागतं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी जॉयस्टिकची, म्हणजे विजेवर चालणारी व्हीलचेअर असते. ती वेगळी गाडी, तिची निवडही वेगळी. तेव्हा स्कूटरवर बसलेली आई लोकांना दिसेल ती पाय गेलेली नव्हे. पाय राखून ठेवणारी दिसेल, कारण घरातलं चालणं तिने सोडायचंच नाही. घरात काठी, बाहेरच्या लांब अंतराला स्कूटर, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून ठरवून घ्या. गुडघ्याचे व्यायाम चालू असतील तर ते तसेच चालू राहू देत.

पण ती तिला झेपेल का, हे आधी कुणीतरी जाणत्याने पाहायला हवं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं आणि त्यासाठीची साधनं झेपतील का ते पाहणारा तज्ज्ञ) मिळाला तर उत्तम, नाहीतर तिला ओळखणारा फिजिओथेरपिस्ट. डॉक्टरांनाही विचारा, विशेषतः हा दम कशामुळे लागतो ते. काही प्रश्न तुम्ही घरीच तपासू शकता. आधाराशिवाय ती अर्धा-पाऊण तास ताठ बसू शकते का? खांदे न दुखता हात पुढे धरता येतात का? मान वळवून मागे-बाजूला पाहता येतं का? दोन्ही डोळ्यांनी कडेचं दिसतं का? चक्कर, फिट, अचानक झापड येण्याचा त्रास आहे का? झोप आणणारी औषधं चालू आहेत का? यातल्या एकाचंही उत्तर मनाजोगतं नसेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्कूटर हळू चालते म्हणून तिच्यापासून धोका नाही, असं मुळीच समजू नका. मोठ्या गाडीचं वजन माणसासकट दोनशे किलोच्या घरात जातं.

हे जमलं की टेप घेऊन खाली उतरा. निवडीचं खरं काम इथे होतं, दुकानात नव्हे. दुकानातली फरशी गुळगुळीत आणि जागा ऐसपैस, तिथे प्रत्येक गाडी छान वळते. तुमच्या लिफ्टच्या दाराची रुंदी मोजा, आतली खोली मोजा, लिफ्टसमोरच्या पॅसेजची रुंदी मोजा. मग माहितीपत्रकात वळणाची त्रिज्या दिलेली असते ती पाहा. लहान तीनचाकी साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या त्रिज्येत वळते, मोठ्या चारचाकीला दीड मीटर किंवा जास्तही लागतं. लिफ्टमध्ये शिरली तरी आत वळता येणार नाही, म्हणजे रिव्हर्समध्ये बाहेर निघावं लागेल. मान वळवायला त्रास होणाऱ्या बाईसाठी ही साधी गोष्ट नाही. त्या माणसाने दाखवलेली चारचाकी तुमच्या लिफ्टमध्ये मावली तरी मला नवल वाटेल. नाकापेक्षा मोती जड होण्याचं हे नेहमीचं उदाहरण.

दोन पायऱ्यांचा प्रश्न टाळू नका, कारण रोजची गाडी तिथेच अडते. एक पायरी साधारण १५ सेंटिमीटर धरली तर दोनांची उंची ३० सेंटिमीटर. रॅम्पचा सर्वमान्य चढ एकास बारा. म्हणजे तीस सेंटिमीटरला साडेतीन मीटरहून लांब रॅम्प हवा. यापेक्षा आखूड फळी टाकून काम भागवू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. चढ तीव्र झाला की गाडी मागे उलटू शकते किंवा फळीच्या तोंडाशी तिचं पोट अडकतं. इमारतीत कायमचा रॅम्प बांधून घेता येतो का ते विचारा. त्याचा उपयोग केवळ तुमच्या आईला होणार नाही, त्यामुळे शेजारीही साथ देतील. ते शक्य नसेल तर गाडी खालीच, पायऱ्यांच्या बाहेर, छप्पर आणि कुलूप असलेल्या जागी ठेवता येईल का ते पाहा. दोन पायऱ्या आई कठडा धरून उतरू शकत असेल तर हा मार्ग सगळ्यात सोपा. मात्र तिथे चार्जिंगची सोय हवी, किंवा बॅटरी काढून वर नेता यायला हवी. बॅटरी किती किलोची आणि ती वर नेणार कोण, हे तेव्हाच ठरवा.

घडी होणाऱ्या आणि सुट्या होणाऱ्या गाड्यांबद्दलही हेच. ‘पाच मिनिटांत सुटी होते’ हे खरं असतं, पण सगळ्यात जड भाग बहुतेक वेळा १५ ते २० किलोचा असतो. लिथियम बॅटरीच्या घडीच्या गाड्या पंचवीस-तीस किलोच्या आसपास असतात आणि त्या एकाच तुकड्यात उचलाव्या लागतात. तो भाग तुम्ही स्वतः, दुकानातच, वाकून कारच्या डिकीत ठेवून पाहा. विक्रेत्याला ठेवू देऊ नका. भाऊ उचलेल असं गृहीत धरत असाल तर भाऊ रोज घरी असतो का?

तीन चाकं की चार, यावर फार डोकं शिणवायला नको. आत-बाहेर दोन्हीकडे, अरुंद जागी वळायचं असेल आणि रस्ता बरा असेल तर तीनचाकी. पाय ठेवायलाही ऐसपैस जागा मिळते, दुखऱ्या गुडघ्यांना ते बरं. खड्डे, उतार, कडेला कललेले रस्ते असतील तर चारचाकीच. तीनचाकी वेगात वळवली की कलंडू शकते. खाचखळगे असतील तर जमिनीपासूनचं अंतरही पाहा. लहान गाड्यांचं ते पाचेक सेंटिमीटरच असतं, आणि स्पीडब्रेकरवर त्या घासतात. भरीव टायर पंक्चर होत नाहीत पण हादरे देतात; हवेचे टायर मऊ चालतात पण हवा तपासत राहावी लागते. आईचं वजन, कपडे, पिशव्या सगळं धरून गाडीच्या वजनमर्यादेच्या बऱ्याच आत राहा. मर्यादेच्या काठावर वापरलेली गाडी चढावर दमते आणि बॅटरी लवकर खाते.

माहितीपत्रकात चढाची क्षमता वाचताना अंश आणि टक्के यांत गल्लत करू नका. १० अंश म्हणजे जवळजवळ १८ टक्के. एकाने ‘१०’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘१२’, म्हणून दुसरी चांगली, असं होत नाही. पहिल्याचे अंश आणि दुसऱ्याचे टक्के असू शकतात.

बॅटरीवर मात्र वेळ घालवा. स्कूटर घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ‘एएच’ (अँपिअर-अवर) पुढचा आकडा म्हणजे साठवण : लहान गाडीला १२, मध्यमला २० ते ३५, मोठीला ५० ते ७५. पत्रकावर लिहिलेलं अंतर हलका माणूस, सपाट रस्ता, नवी बॅटरी आणि उबदार हवा धरून काढलेलं असतं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं धरून चाला. आईच्या यादीतलं सगळ्यात लांबचं ठिकाण, जाऊन-येऊन, या निम्म्यात बसलं तर गाडी पुरेशी आहे. थंडीत पल्ला कमी होतो, चढावर कमी होतो, आणि बॅटरी जुनी होत जाईल तसतसा दरवर्षी कमी होत जातो.

सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी स्वस्त आणि जड. तिचा एकच हट्ट असतो : रिकामी ठेवायची नाही. अर्धवट उतरलेली तशीच पडली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि साठवण कायमची घटते. म्हणून थोडं फिरून आलं तरी चार्जिंगला लावायची आणि पूर्ण होऊ द्यायची. ‘बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी’ हा सल्ला या बॅटरीसाठी चुकीचा आहे, कुणीही दिला तरी. आई महिनाभर बाहेर पडली नाही, तरी मधूनमधून चार्जिंग हवंच. लिथियम बॅटरी हलकी, जास्त वर्षं टिकणारी आणि महाग. तिला मूळ कंपनीचाच चार्जर लावायचा. जो मिळेल तो, पिन बसते म्हणून, लावायचा नाही. फुगलेली, आपटलेली, भिजलेली लिथियम बॅटरी चार्जच करायची नाही. आणि कुठल्याही प्रकारची असो, जिन्याखाली किंवा घराबाहेर पडायच्या एकमेव वाटेवर ती चार्जिंगला लावू नका, आणि सगळे झोपलेले असताना लिथियम तर नकोच. आग लागली तर निघायची वाटच बंद होते.

आईच्या यादीत विमानाने जायचं एखादं ठिकाण असेल तर बॅटरीचे वॉट-अवर पाहून ठेवा. काढता येणारी लिथियम बॅटरी विमानात नेण्याची आंतरराष्ट्रीय नियमांतली मर्यादा ३०० वॉट-अवर आहे. दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६०. व्होल्ट गुणिले एएच केलं की हा आकडा निघतो. विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवायचं, परवानगी लेखी घ्यायची.

इतकं झाल्यावर आईला घेऊन दुकानात जा, किंवा दुकानदाराला पुन्हा घरी बोलवा. पण या वेळी गाडी आई चालवेल आणि तुम्ही बघाल. पहिल्यांदा तिचा हात पाहा. बहुतेक स्कूटरना हँडलखाली एक आडवी दांडी असते. एका बाजूने दाबली की पुढे, दुसऱ्या बाजूने दाबली की मागे. सोडली की गाडी आपोआप थांबते, वेगळा ब्रेक दाबावा लागत नाही. ही दांडी अंगठ्याने दाबून धरायची असते. दहा मिनिटांनंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, की आई काही बोलणार नाही, पण पुन्हा गाडीला हात लावणार नाही. संधिवात गुडघ्यांत आहे तर हातातही असू शकतो. तसं असेल तर कडीसारखं बंद गोल हँडल असलेली गाडी मागा. त्यात चारही बोटांनी दाबता येतं आणि मनगट टेकायला जागा मिळते. पुढे कुठली बाजू हवी, डावी की उजवी, ते बऱ्याच गाड्यांत दुकानदार बदलून देऊ शकतो.

मग तिला वीस मिनिटं बसू द्या. पाय पूर्ण टेकतात का, गुडघे काटकोनात राहतात का, सीट फिरवून उतरता येतं का, सीटची कडी तिच्या बोटांनी सुटते का? हात टेकायच्या पट्ट्या उठताना रेटा द्यायला पुरेशा भक्कम आहेत का? आणि जमलं तर दोन आठवडे गाडी भाड्याने घ्या. भाड्याचे पैसे वाया जातात असं वाटेल, पण चुकीच्या गाडीपुढे ते किरकोळ आहेत. काही दुकानं पुढे तीच गाडी घेतली तर भाडं किमतीतून वळतं करतात, तेही विचारा. ‘मला नको’ म्हणणाऱ्या माणसासाठी तर हा मार्ग फारच चांगला, कारण परत करता येतं म्हटल्यावर मनावरचा ताण उतरतो.

आता भावाने शोधलेली जुनी गाडी. जुनी घेण्यात कमीपणा काही नाही. स्कूटर दुकानातून बाहेर पडली की तिची किंमत झपाट्याने घसरते, आणि पुष्कळ जुन्या गाड्या जेमतेम वापरलेल्या असतात. पण तीन वर्षांच्या गाडीत मूळचीच लेड-अॅसिड बॅटरी असेल तर ती संपलेली धरूनच भाव करा. नव्या बॅटऱ्यांची किंमत आधी विचारून ठेवा आणि ती भावातून वजा करा. भावाला सांगा, आदल्या दिवशी फोन करून गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगायचं, आणि जाताना व्होल्ट मोजायचा साधा मल्टीमीटर न्यायचा. काही तास स्वस्थ ठेवलेल्या लेड-अॅसिड संचाला साडेपंचवीस व्होल्टच्या आसपास किंवा वर दिसायला हवं. एवढ्यावर मात्र समाधान मानायचं नाही. गाडीवर बसून तिला चढावर घ्यायची आणि बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचं. काटा थोडा खाली येऊन सपाटीवर परत वर गेला तर ठीक; धाडकन लाल पट्ट्यात गेला तर बॅटरी गेलेली आहे.

चढाच्या मध्येच दांडी सोडून द्यायची. गाडी जागच्या जागी थांबायला हवी, सरकली तर ब्रेक बघावा लागेल आणि मी तरी ती गाडी सोडून देईन. पूर्ण वेगात कुरकुर, घरघर ऐकू येते का? हँडल हलवल्यावर चाकं वळायच्या आधी मोकळं हलतं का? टायरच्या कडांना बारीक भेगा आहेत का? सीटखालचा खांब गंजलाय का? पुरात किंवा उघड्यावर पावसात राहिलेल्या गाडीचा कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आज चालतो आणि महिन्याने बंद पडतो, म्हणून बॅटरीचं झाकण उघडून वायरच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड दिसते का ते पाहा. मूळ चार्जर, दोन्ही किल्ल्या, माहितीपुस्तिका आणि खरेदीचं बिल हातात घ्या. बिल नसेल तर गाडीवरचा सीरियल नंबर घेऊन कंपनीकडे चौकशी करा. चोरीची गाडी तुमच्या गळ्यात पडायला नको. आणि त्याच फोनवर विचारा, या मॉडेलचे भाग अजून मिळतात का. मॉडेल बंद झालं असेल आणि भाग मिळत नसतील तर ती गाडी कितीही स्वस्तात मिळो, घेऊ नका.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : आईला जमणाऱ्या मापाची गाडी वापरलेली मिळाली, नव्या बॅटऱ्या धरूनही नव्या गाडीच्या निम्म्या किमतीच्या आत आली आणि जवळपास दुरुस्ती करणारा असला, तर जुनीच घ्या. नसेल तर दुकानातली डेमोची गाडी किंवा मागच्या वर्षीचं मॉडेल विचारा. तिथे खरी सवलत मिळते आणि वॉरंटीही राहते. अनोळखी माणसाकडून, न पाहता, फोटोवरून मात्र काहीच घेऊ नका.

नवी घेताना घासाघीस किमतीवर थोडी आणि बाकीच्या गोष्टींवर जास्त करा. पोच, जोडणी, पहिली सर्व्हिसिंग, चालवायला शिकवणं हे धरून एकच लेखी आकडा मागा. वॉरंटी किती, हे सगळेच विचारतात. बॅटरीची वॉरंटी वेगळी आणि बहुतेक वेळा कमी मुदतीची असते, ती विचारा. टायर, मोटरचे कार्बन ब्रश, सीट यांना ती सहसा लागूच होत नाही. गाडी बंद पडली तर मेकॅनिक घरी येतो की गाडी दुकानात न्यायची, येण्याचे पैसे कोण देणार, दुरुस्तीला वेळ लागला तर तोवर दुसरी गाडी मिळते का? रोज वापरणाऱ्या माणसासाठी शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. दुकानदार किमतीत हलत नसेल तर एक वर्षाची सर्व्हिसिंग किंवा पावसाचं कव्हर पदरात पाडून घ्या. ते द्यायला तो पटकन तयार होतो. अनेक देशांत अपंगत्वाच्या साधनांवर करसवलत किंवा सरकारी मदत असते, आणि ती बहुधा खरेदीच्या आधी अर्ज केला तरच मिळते. तेव्हा चौकशी आधी. कुठे चालवता येते, नोंदणी लागते का, विमा लागतो का, हे नियमही जागोजागी वेगळे आहेत. सक्ती नसली तरी दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा मी घ्यायला सांगेन.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एकटीला सोडण्याचा. सोडा, पण शिकवून. पहिले काही दिवस गर्दी नसलेल्या मोकळ्या जागी, वेगाची चकती कासवाच्या चित्राकडे ठेवून. चढण्या-उतरण्याआधी किल्ली बंद, हा नियम तिच्या हाताला लागेपर्यंत प्रत्येक वेळी आठवण करा. पुष्कळ अपघात चालवताना होतच नाहीत. उठताना ओढणी, पदर किंवा पिशवीचा बंद दांडीत अडकतो आणि गाडी पुढे उडी घेते. उतारावर आडवं जायचं नाही, सरळ चढायचं, सरळ उतरायचं, मध्येच वळायचं नाही. फुटपाथच्या कडेवर तिरकं चढायचं नाही. जड पिशवी सीटच्या पाठीमागे अडकवायची नाही, चढावर गाडी मागे झुकते. पुढच्या टोपलीत ठेवायची. मागच्या बाजूला एक खटका असतो, त्याने मोटर सुटी होऊन गाडी ढकलता येते. पण हा खटका वापरला की ब्रेकही सुटतो, म्हणून उतारावर त्याला कुणीही हात लावायचा नाही, मदतीला धावून आलेल्या भल्या माणसानेसुद्धा. हे आईला नीट माहीत हवं, कारण सांगायची वेळ तिच्यावरच येणार आहे.

मग तिच्या यादीतलं सगळ्यात जवळचं ठिकाण घ्या. एकदा तुम्ही बरोबर चाला, एकदा मागे अंतर ठेवून चाला. रस्ता कुठून ओलांडायचा, कुठे फुटपाथ तुटलाय, परतीला बॅटरी किती उरते ते दोघी मिळून पाहा. दम लागण्याचा त्रास आहे, तेव्हा औषध, चार्ज केलेला फोन आणि घरचा नंबर लिहिलेलं कार्ड टोपलीत नव्हे, अंगावरच्या खिशात. रात्री आणि पावसात सध्या नको. बाकी कधी निघायचं, कुणाकडे थांबायचं आणि किती वेळाने परतायचं, हे तिचं तिला ठरवू द्या. दर पंधरा मिनिटांनी फोन करून ‘कुठे आहेस’ विचारू नका, कारण फोन घेण्यासाठी तिला हँडल सोडावं लागेल.